वडाचे खिळे आणि साळूबाईची सरकती चौकट

एका जंगलात एक तिठा होता. तिठ्यावर एक वड होता. आणि त्या वडाला, बाळांनो, पारंब्या कमी नि पाट्या जास्त होत्या.

जंगल फार सुधारलेलं होतं. प्रत्येकाला काही ना काही जाहीर करायचं असायचं. अस्वलाची पाटी होती, 'शुद्ध मध. आमची कुठेही शाखा नाही.' कोल्ह्याची होती, 'सर्व बाबतींत सल्ला मिळेल.' हत्तीची पाटी दाराएवढी. काजव्याची चिंचेच्या पानाएवढी, तीवर नुसतं 'उजेड मिळेल.' शिवाय वाढदिवसाच्या, अभिनंदनाच्या, आभाराच्या आणि आभाराबद्दल आभाराच्या. प्रत्येक पाटीला चार खिळे. पाटी जुनी झाली की ती पडायची. खिळे तसेच राहायचे. मग नव्या पाटीला नवे चार.

त्या जंगलात साळूबाई नावाची एक साळिंदरीण राहायची. फार श्रद्धाळू बाई. सोमवार, चतुर्थी, हरतालिका, तिने कधी काही चुकवलं नाही. अंगावर एवढे काटे, पण कुणाला टोचून बोलणं नाही.

ज्येष्ठातली पौर्णिमा आली. साळूबाई न्हाली, कुंकू लावलं, आंब्याचं वाण घेतलं आणि वडाला दोरा गुंडाळायला गेली. एक फेरा झाला नाही तोच दोरा खिळ्याला अडकला. सोडवला, तर दुसऱ्या खिळ्याला अडकला. तिसऱ्याला अडकला तेव्हा तुटलाच.

तिने जवळ जाऊन पाहिलं. खिळ्याखिळ्यातून पांढरा चीक ओघळत होता. मावळतीकडची एक मोठी फांदी पार वाळून गेली होती.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याचं नाव काटेराव.

"दोरा तुटला? म्हणजे आता माझं काय?" काटेराव म्हणाले.

"तुम्हाला काही होत नाही हो. तुम्ही धडधाकट आहात. झाड मरायला टेकलंय."

"मग सांग सगळ्यांना, पाट्या काढा म्हणून."

"काढतील का?"

"छे. आधी 'पाट्या काढाव्यात' अशी एक पाटी लावतील."

साळूबाईने देवापुढे हात जोडले आणि वसा घेतला. वडाच्या अंगातला शेवटचा खिळा निघेपर्यंत गप्प बसायचं नाही.

पण कुणाची पाटी काढून घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. पाट्या राहाव्यात, खिळे जावेत, असं काही हवं होतं. वडाशेजारी बांबूची एक चौकट उभी केली तर? पण केवढी? हत्तीच्या मापाची केली तर काजव्याची पाटी तीतून खाली पडणार. काजव्याच्या मापाची केली तर हत्ती नुसता बघत राहणार.

तिला गौरी आठवल्या. दर भाद्रपदात ती गौरी बसवायची. गौरीच्या स्टँडला खालपासून वरपर्यंत भोकं असतात. थोरलीची नि धाकटीची उंची जमवायची म्हणजे खीळ काढायची, नळी वरखाली करायची, खीळ परत घालायची. मुखवटा कुठलाही असो, लुगडं नऊवारी असो की सहावारी, स्टँड तोच.

"म्हणजे चौकटीलासुद्धा भोकं पाडायची," ती स्वतःशीच म्हणाली.

सुतारपक्ष्याला बोलावलं. त्याने दोन उभ्या बांबूंना सारख्या अंतरावर भोकं पाडून दिली. आडवे बांबू वरखाली सरकते केले. त्यांच्यामध्ये डावीउजवीकडे सरकतील अशा उभ्या काठ्या बसवल्या. खिळींच्या जागी साळूबाईने स्वतःचे गळलेले काटे वापरले. काटा उपसा, बांबू सरकवा, काटा घाला. पाटी लहान असो की मोठी, तिच्याभोवती तिच्याच मापाची खिडकी तयार.

पहिल्या दिवशी अस्वलाची पाटी धाडकन खाली आली, ती काटेरावांच्या पायावर.

"पायाची पाटी झाली माझ्या," काटेराव कण्हत म्हणाले.

साळूबाईने हळद लावली आणि जड पाटीला दुहेरी काटे घातले. काजव्याची पाटी खाचेत राहीना, तिला वेलीचे दोन फास केले. वाऱ्याने पाट्या खडखडायला लागल्या, तेव्हा खाचांत शेवाळ भरलं. असं करत करत चौकट जमली.

एकेक जण आपली पाटी वडावरून काढून चौकटीत बसवू लागला. कोल्ह्याने तर सकाळी 'सल्ला मिळेल' आणि संध्याकाळी 'सल्ला संपला' अशा दोन मापांच्या दोन पाट्या लावून पाहिल्या. दोन्ही बसल्या. साळूबाई रोज थोडे थोडे खिळे उपटू लागली. वडाचा चीक आटत आला.

आता सगळं गोड झालं, असं तुम्हाला वाटेल. तसं साळूबाईलाही वाटलं.

त्या तिठ्यावर हुप्पाजी नावाचा वानर होता. जंगलात कुठे काही चांगलं झालं की तो ताबडतोब धावून यायचा. तो चौकटीसमोर उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले.

"साळूकाकू, एवढं मोठं काम आणि उद्घाटन नाही?"

"अरे, वापर सुरू झालाय की."

"वापराचं काय एवढं, काकू. वापर कुणीही करतं. महाराजांना बोलावू, गुरुजींकडून पूजा करून घेऊ."

देवाचं नाव घेऊन काही होत असेल तर साळूबाई कशाला नाही म्हणेल? तिने स्वतः पंचामृत केलं.

वाघमहाराज आले. बगळेगुरुजी आले. महाराजांच्या स्वागताची पाटी एवढी मोठी होती, की हुप्पाजीने मधले सगळे आडवे बांबू नि काठ्या उपसून बाजूला ठेवल्या. चौकट पार टोकापर्यंत ताणली, तेव्हा कुठे ती पाटी मावली. इतरांच्या पाट्या तात्पुरत्या गवतात ठेवल्या. गुरुजींनी मंत्र म्हटले. काट्याकाट्याला हळदकुंकू लागलं. लालपिवळा नाडा गुंडाळला. नारळ फुटला. साळूबाईला शाल मिळाली. ती काट्यांवर काही राहिली नाही, पण मिळाली.

दुसऱ्या दिवशी अस्वल आपली पाटी घेऊन आलं.

"हां हां," हुप्पाजी म्हणाला. "हात लावू नका. पूजा झालीय."

"मग मधाची पाटी कुठे लावू?"

"तूर्तास वडावर लावा. तात्पुरती."

आणि ठोक ठोक ठोक. वडाला पुन्हा खिळे बसू लागले.

साळूबाई धावतच बगळेगुरुजींकडे गेली. गुरुजी तळ्यात एका पायावर उभे होते. डोळे मिटलेले, लक्ष माशांवर.

"गुरुजी, चौकट हलवायची नाही म्हणतात."

"बरोबर आहे. प्रतिष्ठापना झालेली वस्तू हलवत नाहीत."

"पण ती हलण्यासाठीच केलीय. हलली नाही तर तिचा उपयोग काय?"

"साळूबाई, उपयोग म्हणजे झीज. पवित्र वस्तू झिजवायची नसते."

"वडाची पूजा तर आम्ही दर वर्षी करतो. त्याला खिळे कसे चालतात?"

गुरुजींनी एक डोळा उघडला. "ती बायकांची घरगुती पूजा. तिला पत्रिका नव्हती."

साळूबाईला वाईट वाटलं, पण तिने आशा सोडली नाही. "मग उत्तरपूजा करून घेऊ या का? गणपतीसुद्धा उत्तरपूजा झाल्यावर हलवतातच की."

"उत्तम. आमची ना नाही. पण त्यासाठी समिती हवी."

समिती लगेच झाली. जंगलात समितीला कधी उशीर होत नाही. दुसऱ्या दिवशी साळूबाई तिठ्यावर गेली, तर वडावर एक भलीमोठी नवी पाटी. 'चौकट उत्तरपूजा नियोजन समिती. आपले नम्र.' खाली सगळ्यांची नावं आणि चेहरे. चेहरे बरेच असल्यामुळे खिळेही बरेच.

त्या दिवशी घरी येऊन तिने काटेरावांना सगळं सांगितलं. वडाची दुसरी फांदीही पिवळी पडू लागली होती.

काटेराव म्हणाले, "अगं, चांगली वस्तू दिसली की पूजा होणारच. तू ती इतकी चांगली करायचीच नव्हतीस."

"म्हणजे कशी करायची?"

"आपल्या परसातल्या घोसाळ्याच्या मांडवासारखी. वर्षानुवर्षं उभा आहे बिचारा. झाली का कधी त्याची पूजा?"

काटेराव गमतीने बोलले. पण साळूबाईचे कान टवकारले. काटेही टवकारले.

तिने सुतारपक्ष्याला पुन्हा बोलावलं. बाजूला टाकलेले बांबू गोळा केले. वडाच्या पलीकडे, थोडी आडबाजूला, तशीच दुसरी चौकट उभी केली. तशीच भोकं, तसेच काटे, तसेच फास. पण शोभा काही केली नाही. खोटं बोलायला नको म्हणून चौकटीच्या बुडाशी खरोखरच घोसाळ्याच्या बिया लावल्या. रोज पाणी घातलं. वेल भराभर वर चढला.

हुप्पाजी येऊन बघून गेला. "हे काय काकू?"

"घोसाळी लावलीत."

"ठीक," तो म्हणाला आणि जांभई देत गेला.

मग काजवा आला. "साळूआत्या, तुमच्या वेलात माझी पाटी अडकवून ठेवू का? वडावर माझी पाटी समितीखाली दबली."

"ठेव हो. जागा आहे."

मग अस्वल आलं. मग कोल्हा आला. हत्ती सगळ्यांत शेवटी आला आणि उगाच इकडेतिकडे बघत म्हणाला, "मी आपला घोसाळी बघायला आलोय." साळूबाईने काटे उपसले, बांबू वर सरकवला, दाराएवढी खिडकी केली. हत्तीने घोसाळी बघितली आणि जाताना पाटी विसरून गेला.

तिकडे पहिल्या चौकटीचं महत्त्व वाढतच होतं. तिच्यावर पक्षी बसतात, हे बरं दिसत नाही, असं समितीच्या ध्यानात आलं. तिला कुंपण हवं, वर छप्पर हवं. कुंपणाला लाकूड मिळालं, पण खिळे संपले. मग हुप्पाजीने स्वतः वडावर चढून एकेक खिळा उपटला. समितीची पाटीसुद्धा उतरवली. पवित्र कामासाठी लागणारे खिळे असे झाडात वाया जाऊ देणं त्याला पटेना. साळूबाई खाली उभी राहून पाहत होती. शेवटचा खिळा खोल रुतलेला. हुप्पाजीने दात लावून तो उपसला. तिने मनातल्या मनात त्याला औक्षवंत हो म्हटलं.

पण बाळांनो, तिची खरी परीक्षा पुढेच होती.

एका दुपारी वेलापलीकडे पानं सळसळली आणि दस्तुरखुद्द वाघमहाराज आले. एकटेच. पंजात एक छोटीशी पाटी.

"साळूबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "माझी ती स्वागताची पाटी वाचून रोज कुणी ना कुणी हार घेऊन येतं. दुपारची झोप होत नाही. मला ही लावायचीय." पाटीवर लिहिलं होतं, 'महाराज निजले आहेत.' "पण त्या चौकटीत ही मावत नाही. म्हणजे, फारच मावते."

साळूबाईने काटा काढला, काठी सरकवली, काटा घातला. पाटी नीट बसली.

महाराज बघतच राहिले. त्यांनी पंजाने बांबू वर केला, खाली केला. लहान मुलासारखा पुन्हा वर केला. त्यांचा चेहरा फुलला.

"अहो, हे तर त्याच्याहून सोयीचं आहे. याचं तर आपण जंगी उद्घाटन करू. गुरुजींना आजच निरोप देतो."

साळूबाईच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला. वडाला नुकती कुठे कोवळी तांबूस पानं फुटत होती. तिने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. मग पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाली,

"मोठेपणा आहे महाराजांचा. पण पत्रिकेत कशाचं उद्घाटन म्हणून छापायचं?"

"कशाचं म्हणजे?"

"घोसाळ्याच्या मांडवाचं ना?"

महाराजांनी वर पाहिलं. त्यांच्या नाकासमोर एक हिरवंगार, लांबलचक घोसाळं लोंबत होतं.

"पलीकडच्या जंगलातले सिंहमहाराज गेल्या महिन्यात धबधब्याचं उद्घाटन करून आले म्हणतात," साळूबाई पुढे म्हणाली. "त्यांनाही पत्रिका जाईलच."

महाराजांनी मिशीवरून पंजा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"तसं पाहिलं तर," ते म्हणाले, "यात एवढं विशेष काही नाही."

"काहीच नाही, महाराज. चार बांबू आणि एक भाजी."

"तेच म्हणतो मी. पाटी मात्र राहू द्या."

"राहू दे की. तुमचीच आहे जागा."

महाराज दोन पावलं गेले आणि वळले. "घोसाळ्याची भजी चांगली होतात म्हणे."

साळूबाईने चार घोसाळी पानात बांधून दिली. महाराज ती पोटाशी लपवून झाडीत दिसेनासे झाले. तिने कोपऱ्यातला एक सैल काटा घट्ट बसवला आणि वेलाला पाणी घालायला घागर उचलली.

तात्पर्य: चांगलं काम जरूर करावं, पण ते चांगलं आहे हे कुणाच्या फारसं लक्षात येऊ देऊ नये. लक्षात आलं की त्याला हार पडतो, हारामागून कुंपण येतं, आणि मग ते काम तेवढं बंद पडतं. म्हणून बाळांनो, देवाने तुमच्या हातून कधी काही फार उपयोगी घडवलंच, तर आधी दोन घोसाळ्याच्या बिया शोधून ठेवा.