हलका भाला

शब्दकोशाच्या ऑफिसात मुख्य संपादकांनी 'जॅवलिन' या शब्दाची नोंद सगळ्यांसमोर वाचून दाखवली आणि मूळशोध्यांच्या पोटात दुखायला लागलं. शब्दांची मुळं खणून काढायचं काम वर्षानुवर्षं त्यांचं. ऑफिसने हे नाव त्यांना त्यावरूनच ठेवलेलं. आणि नोंद लिहिली कोणी, तर काल-परवा आलेल्या नव्या मॅडमनी.

"'हाताने फेकण्याचा हलका भाला,'" साहेब वाचत होते. "'शब्द इंग्रजीतून आला. इंग्रजीत तो फ्रेंचमधून गेला. तिथे तो भाल्याच्या एका जुन्या नावाचं लघुरूप, म्हणजे छोटा भाला. त्याआधीचं मूळ बहुधा केल्टिक.' याला म्हणतात नोंद."

साहेब महिनाअखेर निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची कोणाला द्यायची, हे तेच सुचवणार होते. ती खुर्ची मूळशोध्यांनी मनातल्या मनात कधीच पुसून ठेवली होती.

"लघुरूप म्हणे," घरी ते बायकोसमोर धुमसले. "माणसापेक्षा लांब धूड ते. हलकं कसं असेल?"

"तुम्ही उचललाय कधी?"

"उचलायला कशाला हवा? दिसतंय ना."

"मग त्यांना दाखवा. माझ्यावर कशाला डाफरताय?"

मूळशोध्यांची भाची भालाफेक खेळायची. दुसऱ्या दिवशी तिचा भाला घेऊन ते ऑफिसात निघाले. लिफ्टमध्ये तो मावेना, म्हणून जिन्याने चढले. शेवटच्या वळणावर भाल्याचं शेपूट कठड्यात अडकलं आणि टोक भिंतीच्या कोपऱ्यात रुतलं. वरचे वर राहिले, खालचे खाली.

"हे काय आता?" साहेबांनी वरून विचारलं.

"जॅवलिन, साहेब. दोन माणसांशिवाय हलत नाही बघा. कसला हलका आणि कसलं लघुरूप. मॅडमची नोंद साफ चुकलीय."

खालच्या पायरीवरून नव्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, शेपूट जरा वर उचला. टोक खिडकीकडे येऊ द्या."

त्यांचं ऐकण्यापेक्षा जन्मभर जिन्यात राहिलेलं परवडलं. मूळशोध्यांनी शेपूट मुद्दाम खाली दाबलं. कठड्याची सळी वाकली. आणखी दाबलं, तर गिलाव्याचा पोपडा साहेबांच्या बुटांवर पडला. शेवटी, जणू आपल्यालाच सुचलंय अशा थाटात, त्यांनी शेपूट वर उचललं. भाला सुटला आणि अर्धा खिडकीबाहेर गेला. आत ओढला की पुन्हा अडके.

"टाका बाहेर," साहेब वैतागून म्हणाले. "जिना मोकळा करा."

मागच्या पटांगणात चिटपाखरू नव्हतं.

"मी धरू का एका बाजूने?" मॅडमनी विचारलं. "दोन माणसं लागतात ना?"

मूळशोध्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. हात मागे घ्यायला धड जागा नव्हती, तरी त्यांनी दात-ओठ खाऊन भाला भिरकावला. तो पटांगण ओलांडून पार कुंपणापाशी मातीत जाऊन उभा राहिला. जिन्यात कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मूळशोधे क्षणभर हरखले.

"एका हाताने?" साहेबांनी विचारलं. मग ते मॅडमकडे वळले. "'हलका' राहू द्या."

खुर्ची मॅडमना मिळाली. छपाईआधी त्यांनी ती नोंद मूळशोध्यांकडे तपासायला पाठवली. खाली वापराचं उदाहरण नव्याने घातलं होतं: 'पन्नाशी उलटलेल्या गृहस्थांनी खिडकीतून एका हाताने जॅवलिन फेकला.'

मूळशोध्यांनी दिवसभर चूक शोधली. मग लाल पेन उघडून 'फेकला'च्या आधी त्यांनी 'बराच लांब' एवढंच घातलं.