नवं बांधलेली पांढरी गाडी

सोनबाने दाराला नवं बांधलं, कणगीला बांधलं, नांगराला बांधलं, जात्याला बांधलं, आणि तरी जुड्या उरल्या म्हणून मिक्सरलाही बांधलं. भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, कुरडूचं फूल आणि एक झेंडू. नव्याच्या पुनवेला घरातल्या राबणाऱ्या प्रत्येक वस्तूला ही जुडी बांधायची, असा रिवाज. टीव्हीला त्याने बांधलं नाही.

"टीव्हीनं काय केलं, बाबा?" तेजश्रीने विचारलं.

"काय केलं नाय, म्हणून तर."

शेवटची जुडी त्याने अंगणातल्या पांढऱ्या गाडीच्या डाव्या आरशाला बांधली, दोन पावलं मागे सरकला आणि तिच्याकडे असा बघत राहिला, जणू ती गाडी त्याने स्वतः पेरून पिकवली होती. गाडी विनीतची होती. जुनी घेतलेली होती, पण पोरगा ती मुंबईहून स्वतः चालवत थेट पोलादपुरात घेऊन आला होता आणि वाडीत शिरताना त्याने हॉर्न वाजवला होता. तो हॉर्न शेजारच्या मोरूने ऐकला की नाही, हे विचारायला सोनबा काल मुद्दाम त्याच्याकडे काडेपेटी मागायला गेला होता.

मोरूचा गणू दुबईला होता. वाडीवरून विमान गेलं की मोरू मान वर करून म्हणायचा, "आमचा गणू असंल." विमान कुठे का जाईना.

यंदा नव्याला दोन्ही पोरं घरी होती. अशी पुनव कित्येक वर्षांत आली नव्हती. बयाबाईने पहाटे उठून नव्या तांदळाची खीर केली, गूळ, नारळाचा रस आणि वेलची घालून. नव्याची पहिली खीर घरातल्या सगळ्यांनी एकाच टोपातली खायची, म्हणजे वर्षभर घर एकत्र राहतं, असं तिच्या सासूने तिला सांगितलं होतं. गेली काही वर्षं ती आणि सोनबा दोघंच एका टोपातली खात होते आणि घर मुंबईत राहत होतं.

पण विनीतने सकाळीच जाहीर केलं, "आई, आज तुला किचनमधून सुट्टी. प्रतापगडला जाऊ. जेवण बाहेर."

"नव्याच्या दिवशी बाहेर?" बयाबाईच्या हातातला डाव थांबला. "आणि खीर?"

"मला थोडीशीच दे. मी भात कमी केलाय."

"मी गोड बंद केलंय, आई," तेजश्री म्हणाली. "टोटल बंद."

बयाबाईने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "नव्याच्या दिवशी एकाला भात नको, एकीला गोड नको. मग काय नांगर खाता रे?"

पोरं हसली. बयाबाई हसली नाही. तिने चुलीकडे तोंड फिरवलं आणि टोपावर उगाचच झाकण दाबलं. सोनबाला ते दिसलं. तो तिच्याजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "टोप संगती घेऊ. सांजच्याला रिकामा करून आणतो. माझा शबूद."

"तुमचा शबूद?" बयाबाई म्हणाली, पण तिने टोप पांढऱ्या पंच्यात बांधला. सोनबाने त्यालाही एक लोंबी खोचली.

आता सोनबाची एक गोष्ट सांगायला हवी, जी फक्त बयाबाईला माहीत होती. आंबेनळी घाट म्हणजे आपलं अंगण, असं सोनबा आयुष्यभर सांगत आला होता. तारुण्यात तो घाट आपण रात्री-बेरात्री पायी उतरलो, बिबळ्याने आपल्याला वाट दिली, वगैरे. यातलं पायी खरं होतं. कारण सोनबाला गाडी लागायची. दुसऱ्या वळणाला पोटात कालवायचं, तिसऱ्याला कानात दडे बसायचे, आणि चौथ्याच्या आधी तो डोळे गच्च मिटून घ्यायचा. विचारलं की म्हणायचा, "ध्यान करतोय."

त्या दिवशीही तो मागच्या सीटवर टोप मांडीवर घेऊन ध्यान करत होता. टोप त्याने डिकीत ठेवू दिला नव्हता. अर्ध्या घाटात तेजश्रीला फोटो काढायचा होता, म्हणून विनीतने चहाच्या टपरीजवळ गाडी थांबवली. सोनबा टोपासकट उतरला. टपरीच्या छपरावर माकडं बसलेली होती आणि त्यांची नजर चांगली नव्हती.

थंड वारा लागला, तसं पोट जाग्यावर आलं. पण तोंडाचा रंग काही परत येईना, आणि पोरांनी तो बघावा हे सोनबाला मंजूर नव्हतं. सगळे फोटोत गुंतलेत तोवर जाऊन बसावं, असा विचार करून तो निघाला. पांढरी गाडी. डाव्या आरशाला नवं. त्याने मागचं दार उघडलं, बसला, टोप मांडीवर घेतला आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने दारं लागली आणि गाडी निघाली.

सोनबाची चूक एवढीच झाली, की आज नव्याची पुनव होती, आणि महाड-पोलादपुरातल्या झाडून सगळ्या गाड्यांना नवं बांधलेलं होतं. त्यातल्या बऱ्याच पांढऱ्या होत्या.

ही गाडी दासगावच्या साहिलची होती. शेजारी त्याची नवी बायको सेजल आणि मागे त्याची आई आवडीबाई. आता, आपल्या गाडीत एक अनोळखी म्हातारा टोप घेऊन बसलाय, याबद्दल कुणी काहीच का बोललं नाही? तर साहिलला वाटलं, आईने कुणा ओळखीच्याला घेतलंय. आवडीबाईंना वाटलं, पोराने लिफ्ट दिलीय, बापावर गेलाय अगदी. आणि सेजलच्या लग्नात तिला इतक्या काकांच्या पाया पडायला लावलं होतं, की हा त्यातला कुठला, हे विचारायची तिची छातीच झाली नाही. ती फक्त मागे वळून म्हणाली, "काका, एसी वाढवू का?"

दडे बसलेल्या कानांना तो आवाज तेजश्रीचाच वाटला. मुंबईला गेल्यापासून ती असंच गुळगुळीत बोलायची. पण काका? सोनबाला वाटलं, पोरीची थट्टा. त्याने डोळे न उघडता हात हलवला.

थोड्या वेळाने पुढून पोराचा आवाज आला. "आई, तुला सांगायचं राहिलं. काल मेल आला. जर्मनीचं पक्कं झालं."

शेजारची बाई आनंदाने काहीतरी ओरडली आणि रडायला लागली. सोनबाच्या पोटातलं कालवणं एकदम थांबलं. जर्मनी! त्याचा पोरगा! आणि हे सांगायला पोराने जागा कुठली निवडली, तर आंबेनळी! छाती अशी फुगली, की मांडीवरचा टोप पुढे सरकला.

सोनबाकडे बटणांचा फोन होता. एक दाबून धरलं की वायरमनला लागायचा, दोन म्हणजे बयाबाई आणि तीन म्हणजे मोरू. तीनचं बटण डोळे मिटूनही सापडायचं. ते त्याच्या अंगठ्याने गुळगुळीत झालं होतं.

"मोरू! ऐकू येतंय का रं? माझा पोरगा जर्मनीला चाललाय! जर्मनी! दुबईच्या पल्याड! लय पल्याड! आता विमान गेलं की दोघं मिळून बघू!"

रेंज गेली. पण काम झालं होतं. सोनबाने समाधानाने फोन खिशात ठेवला आणि गाडीत कमालीची शांतता आहे, हे त्याच्या लक्षात आलं.

"काका," पुढून पोरगा म्हणाला, "तुमचाही मुलगा जर्मनीला? कुठल्या शहरात?"

सोनबाने डोळे उघडले. पुढे एक भलताच पोरगा होता. शेजारी भलतीच पोरगी होती. डावीकडे एक भलतीच बाई पदराने डोळे पुसत त्याच्याकडे मायेने बघत होती. फक्त टोप ओळखीचा होता.

दुसरा कुणी असता, तर म्हणाला असता, बाबांनो, चुकून बसलो. पण सोनबाने आयुष्यात चूक केली नव्हती; म्हणजे कबूल केली नव्हती. आणि आंबेनळी ज्याचं अंगण, तो अंगणात गाडी चुकतो होय?

"शहर... अजून ठरायचं हाय," तो म्हणाला.

"तुम्हाला उतरायचंय कुठं, भाऊ?" आवडीबाईंनी विचारलं.

"तुमी उतराल तिथंच."

"कुणाकडं जायचं होतं?"

सोनबाने टोपाकडे बघितलं. टोपाने त्याला काही सुचवलं नाही, पण बघितल्यामुळे सुचलं. "मी नवं वाटायला निघालोय. नव्याची खीर हाय. दरसाल एक गाडी निवडतो आणि तिच्यात बसतो."

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं, की आता वाटावी लागणार.

प्रतापगडाच्या फाट्यावर सावलीत गाडी थांबली. सेजलने टपरीवरून कागदी पेले आणले. सोनबाने पंचा सोडला. पहिला पेला भरताना त्याच्या डोळ्यांसमोर विनीत आला, दुसऱ्याला तेजश्री, आणि तिसऱ्याला बयाबाई आली ती डाव घेऊनच आली.

"अगो बया!" आवडीबाई पहिल्याच घोटाला म्हणाल्या. "नारळाचा रस ताजा हाय. कुणी केली ही?"

"आमच्या मालकिणीनं," सोनबा म्हणाला. अशा परिस्थितीतही त्याची मान ताठ झाली. "तिच्यासारखी खीर घाटाखाली कुणाला जमत नाय. घाटावर तर कुणाला तांदूळच माहीत नाय."

"आई, हे जर्मनीत कुठं मिळणार?" साहिल म्हणाला आणि त्याने पेला पुढे केला. मग पुन्हा एकदा पुढे केला. जर्मनीला जाणाऱ्या पोराला नाही कसं म्हणायचं? आणि वर चार फटफटीवाले थांबले. त्यांनाही वाटलं, काही प्रसाद आहे. "दरसाल वाटतात," सेजलने त्यांना अभिमानाने सांगितलं. "काका आहेत आमचे."

टोपाचा तळ दिसायला लागला.

मागे अर्ध्या घाटातल्या टपरीवर काय झालं, ते सोनबाला नंतर कळलं. फोटो संपले आणि बाबा नाहीत. टपरीवाल्याने सांगितलं, "टोपवाले बाबा? पांढऱ्या गाडीतून गेले."

"कसली पांढरी गाडी?" विनीतने विचारलं.

"नवं बांधलेली."

बयाबाईचा पहिला प्रश्न होता, "टोप संगती होता का?" मग त्यांनी घाटभर पांढऱ्या गाड्यांचा पाठलाग केला. एका गाडीत भजनी मंडळ निघालं, एका गाडीत मेंढा. जेवण राहिलं, चहा राहिला. सोनबाच्या फोनला रेंज नव्हती.

फाट्यावर विनीतची गाडी कचकन थांबली. तेजश्री धावत आली. "बाबा! तुम्ही ठीक आहात ना?"

"मला काय झालंय?" सोनबा म्हणाला. "किती उशीर! वाट बघतोय मी."

बयाबाई सावकाश उतरली. नवऱ्याकडे न बघता तिने टोपात बघितलं. टोपात खीर नव्हती. बुडाला लागलेली खरवड तेवढी होती. सोनबा झाडावरची माकडं मोजायला लागला.

"काकू, तुम्हीच केली ना खीर?" सेजल पटकन तिच्या पाया पडली. "अशी खीर करायची आणि रस्त्यात अनोळखी माणसांना वाटायची! केवढं मोठं मन तुमचं!"

"दोन दोन पेले खाल्ले सगळ्यांनी," आवडीबाई म्हणाल्या. "रस कितव्यांदा काढलेला घातलात?"

"पयला," बयाबाई म्हणाली. ती अजून रागावायचं ठरवत होती, पण चेहरा आधीच हसला होता. "फक्त पयला."

तेवढ्यात मागे भांडण लागलं. विनीतने टोप ओढला होता आणि तेजश्रीने टोपाचा दुसरा काठ धरला होता.

"दादा, तू भात कमी केलायस!"

"तू गोड बंद केलंयस! टोटल!"

"खरवड लहानपणापासून माझी आहे! सोड!"

दोघं रस्त्याच्या कडेला टोप मध्ये घेऊन बसली आणि बोटांनी खरवडायला लागली. बयाबाई जवळ गेली. तेजश्रीने मान वर न करता एक बोट आईच्या तोंडाशी नेलं, एक बापाच्या. झालं. सगळ्यांनी एका टोपातली खाल्ली. टोप इतका स्वच्छ झाला, की माकडाने नंतर त्यात डोकावून तोंड वाकडं केलं.

"बाबा, हा कुठल्या शेतातला तांदूळ?" विनीतने बोट चाटत विचारलं.

"वढ्याकडच्या. गडी मिळंना यंदा. आमी दोघांनीच लावला."

"फोनवर तर म्हणालात, झाली लावणी."

"झालीच की."

विनीतने बापाच्या हातावरच्या घट्ट्यांकडे बघितलं.

परतीच्या वाटेवर सोनबाने रिकामा टोप मांडीवर घेतला. पहिल्या वळणालाच डोळे मिटले. आवडीबाईंनी बळेच दिलेल्या घावण्यांचा वास गाडीभर दरवळत होता. पोलादपूर जवळ आलं, कानातले दडे सुटले, आणि पुढून आवाज आला.

"बाबा, एक सांगायचं होतं. पुढच्या लावणीला मी रजा काढून येतोय. पूर्ण लावणी. नांगर मी धरणार."

सोनबाने एक डोळा उघडला. पुढे वाकला. ड्रायव्हरचं तोंड बाजूने नीट निरखून बघितलं. मग शेजारी बयाबाईच आहे ना, तेही बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. आता अभिमान वाटून घ्यायला हरकत नव्हती, आणि त्याने तो सगळाच्या सगळा वाटून घेतला. 

फोन वाजला. मोरू होता.

"काय रं सोनबा, वाडीत सांगून ठेवलंय मी सगळ्यांना. कधी चाललाय पोरगा जर्मनीला?"

"जर्मनी नाय," सोनबा म्हणाला.

"रद्द झालं?" मोरूच्या आवाजात दुःख मावेना, बहुतेक ते दुःखच होतं.

"लावणीला येतोय माझा पोरगा. रजा काढून. गुडघाभर चिखलात उतरणार हाय. तुझा गणू येतोय का?"

पलीकडे काहीच आवाज आला नाही. 

"रेंज गेली वाटतं," विनीत म्हणाला.

"नाय," सोनबा म्हणाला, आणि रिकाम्या टोपावर हात ठेवून त्याने सुखाने डोळे मिटले. "रेंज फुल्ल हाय."