चिनी मातीचं खाचर

भाताच्या पातीच्या टोकावर पहाटे पाण्याचा थेंब दिसतो. ते दव नसतं. जास्तीचं पाणी पातच बाहेर टाकते. शिल्पकार माधवीने चिनी मातीच्या पाती घडवल्या, तेव्हा प्रत्येक टोकावर काचेचा थेंबही बसवला. तो ऊन चढलं तरी सुकत नसे.

त्या पाती कार्ले गावात हौशीरामभाऊंच्या खाचरात, खऱ्या भातात मिसळून उभ्या होत्या. खोटं रान आणि खरं रान एकत्र ठेवून लोकांना दाखवावं, एवढीच तिची कल्पना. जागा मागितली तेव्हा भाऊ म्हणाले होते, "बघू." तिने तो होकार धरला.

मग तण काढायला, बेणणीला, बाया आल्या आणि बांधावरच थांबल्या.

"पाय कुटं ठेवायचा?" रंजना म्हणाली. "मोडलं म्हंजी?"

"आवं, काय करायचं?" नंदाबाईंनी नवऱ्याला, हौशीरामभाऊंना, विचारलं.

"बघू."

बाया घरी गेल्या. तण थांबलं नाही.

भाऊंचा पुतण्या संदेश दोन वर्षं ही जमीन बंगल्यांसाठी विका म्हणत होता. त्यालाही दरवेळी "बघू"च मिळालं होतं. शेवटी रविवारी तो पुण्याचं गिऱ्हाईकच घेऊन आला.

गिऱ्हाईकाने बांधावरून पाहिलं. "हे उंच, झुपकेदार तुम्ही केलंय ना? एकदम नॅचरल."

"ते तण आहे," माधवी थकल्या आवाजात म्हणाली.

"आणि हे पिवळट?"

"ते भात."

"ते काढू. बंगल्यांसमोर सगळं सिरॅमिकचंच लावू. चिखल नाही, डास नाहीत, बारा महिने हिरवं."

"आन् कापायचं कवा?" नंदाबाईंनी विचारलं.

"कापायचंच नाही, मावशी. तीच तर मजा."

नंदाबाई बांधावर बसल्या. "आवं, त्यास्नी तरी काय ते सांगा. तुमचं बघू ऐकून मी म्हातारी झाली."

"व्हय काका," संदेश म्हणाला, "पाव्हणं लांबून आल्यात."

सगळे हौशीरामभाऊंच्या तोंडाकडे पाहू लागले. पुढचा शब्द सगळ्यांना पाठ होता.

भाऊंनी चपला काढल्या आणि ते खाचरात उतरले. पायाखाली काहीतरी कडकन मोडलं. माधवीने डोळे मिटून घेतले. भाऊंनी चिखलातून ते तुकडे शोधले, धुतले, बांधावर तिच्यासमोर ठेवले. मग वाकून मूठभर तण उपटलं.

"ताई, तुमचं तेवढं उचलून घ्या. उद्या बाया येत्यात," ते म्हणाले. "आन् संदेश, जमीन विकायची न्हाई."