गोजाबाईंनी धुतलेली तबकडी

तबकडीवर पिठाची पाच बोटं उमटली, ती गोजाबाईंची. भाकऱ्या थापतानाच त्यांनी ती कौतुकानं उचलून पाहिली होती. नवऱ्याच्या गाण्याची पहिलीवहिली तबकडी आज संध्याकाळी अर्जुनरावांच्या हॉटेलात सगळ्या दापोडीसमोर वाजणार, आणि ती अशी कळकट? गोजाबाईंनी ती चुलीतल्या राखेनं हलक्या हातानं घासली, दोन पाण्यांतून काढली आणि वाळायला पत्र्यावर उन्हात ठेवली. मधला नाव छापलेला कागद पाण्यातच सुटला, तो मोरीतून गेला.

दुपारी पाहतात तर तबकडीचा तळलेला पापड झालेला.

गोजाबाईंचे यजमान रंगराव पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात बाटल्या धुवायचे आणि घरी गाणी रचायचे. जात्यावरच्या ओवीला वरातीतल्या बँडची पिपाणी जोडायची, ही त्यांची तऱ्हा. ना धड भजन, ना धड वरात, असं म्हणून गावानं दहा वर्षं त्यांची टिंगल केली होती. आज त्याच गावाचं तोंड बंद व्हायचं होतं. तबकडी काढणाऱ्या कंपनीनं त्यांना दिलेली प्रत ही एकच. गाण्यात काय आहे, हे मात्र त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. "सांजच्याला ऐक," एवढंच म्हणाले होते.

शिफ्ट पाचला सुटणार होती. गोजाबाईंनी पापड पिशवीत घातला आणि मोटार पकडून पुण्यातलं तबकड्यांचं दुकान गाठलं.

दुकानदारानं पापड उलटसुलट पाहिला. कुणाची आहे, त्यानं विचारलं. गोजाबाई म्हणाल्या, आमच्या ह्यांची. त्यानं नाव विचारलं. गोजाबाई जमिनीकडे पाहू लागल्या. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण उखाण्याखेरीज नवऱ्याचं नाव कधी त्यांच्या ओठांवर आलं नव्हतं. होळीच्या रंगालासुद्धा त्या 'ते पाणी' म्हणायच्या.

"गाण्याचे शब्द तरी सांगा," दुकानदार म्हणाला.

"ते म्या ऐकलं न्हाई अजून. पर ओवी हाय, आन् पिपाणी हाय."

दुकानदारानं आधी ओव्यांच्या तबकड्या काढल्या, मग बँडच्या. दोन्ही एकत्र कोण कशाला गाईल, असं तोही म्हणाला, तेव्हा गोजाबाईंना राग आला. गिऱ्हाइकं जमली होती. भिंतीवरचं घड्याळ तीन वाजून गेल्याचं दाखवत होतं. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, डोळे मिटले आणि मांडवात उभ्या असल्यासारखं खणखणीत म्हटलं,

"जात्याच्या पाळीवर पीठ पडतं भुरुभुरु,
रंगरावांची तबकडी द्या, आता उशीर नका करू!"

दुकानात हशा पिकला. तबकडी मात्र झटक्यात मिळाली.

संध्याकाळी हॉटेल भरलं. बायका बाहेर पडवीत उभ्या होत्या. अर्जुनरावांनी फोनोची किल्ली भरली, सुई ठेवली. आधी जातं घरघरलं, मग पिपाणी वाजली आणि रंगरावांचा आवाज आला,

"पहाटंच्या पारी जातं घरघर बोलं,
गोजाच्या ओवीनं माजं गाणं जागं झालं."

पडवीतल्या सगळ्या बायका वळून गोजाबाईंकडे पाहू लागल्या. 'अगं, ऐकलं का' याखेरीज रंगरावांनी त्यांना बावीस वर्षांत दुसरी हाक मारली नव्हती. गोजाबाईंचे डोळे भरून आले. आत म्हातारे मारुतराव बायकोचं नाव चारचौघांत घेतलं म्हणून पुटपुटले, आणि गाणं संपल्यावर त्यांनीच ते पुन्हा लावायला सांगितलं. टिंगलीचं कुणी नावच काढलं नाही.

घरी परतताना रंगराव मान खाली घालून चालत होते. गोजाबाईंनी राखेपासून सगळं कबूल केलं. शेवटी हळूच म्हणाल्या, "आन् दुकानात म्या तुमचं नाव घेतलं."

रंगराव थांबले. "किती माणसं व्हती?"

"आठ-धा असतील."

रंगरावांनी सुटकेचा श्वास सोडला. "मग काय न्हाई. म्या तुजं घेतलं त्यापरीस लई कमी हायेत."