फोटो कोणी काढला?

आईचा फोटो शुक्रवारी काढून टाकणार आहेत, हे लेकीला सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत शिरता शिरता कळलं. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात आईच्या जुन्या बँडवर चार परिच्छेदांचा लेख होता. लेकीनंच तो लिहिला होता. वर फोटो: तीन पुरुष, तीन वाद्यं आणि मधोमध दोन्ही हातांनी माईक धरलेली आई. आज त्याखाली लाल चौकट होती. ‘या छायाचित्राच्या प्रताधिकाराची स्थिती अस्पष्ट आहे. छायाचित्र कोणी काढले? शुक्रवार दुपारपर्यंत खुलासा न झाल्यास ते वगळण्यात येईल.’ खाली तपासनिसाचं टोपणनाव होतं, ‘शंकासुर’.

एरवी आईनं मनावर घेतलं नसतं. पण शनिवारी शाळेच्या वर्गमित्रांचं संमेलन होतं. शाळेत असताना गाण्याच्या बाईंनी सगळ्या वर्गासमोर आईला सांगितलं होतं, “तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव.” ते अख्ख्या वर्गाच्या अजून लक्षात होतं. म्हणून आईनं त्यांच्या ग्रुपवर ठणकावून लिहिलं होतं, ‘बँडचं नाव टाकून बघा. फोटोसकट आहे!’

लेक पाण्याचे नमुने तपासायची. नमुना कोणी घेतला, कधी, कुठे, असे तक्ते ती रोज भरत असे. हे काम पाच मिनिटांचं आहे असं तिला वाटलं. तिनं फोन लावला.

“आई, बँडचा तो फोटो कोणी काढला?”

“मी काढला. का गं?”

लेकीनं तक्त्यात लिहिलं, ‘छायाचित्रकार: आई.’ तासाभरात उत्तर आलं. ‘छायाचित्रकार स्वतः छायाचित्रात असून तिचे दोन्ही हात माईकवर आहेत. कृपया खुलासा करावा.’

“आई, तू काढलास म्हणालीस ना?”

“काढलाच ना! भिंतीवरून. स्टुलावर चढून. तुलाच स्कॅन करायला हवा होता.”

मग लेकीनं ढोल्याकाकांना गाठलं. ते बँडमध्ये ड्रम वाजवायचे आणि अजूनही बोलताना टेबलावर बोटं आपटायचे.

“आम्ही काढला तो!” काका म्हणाले. “चौघांनी मिळून. पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी. इस्त्रीचे शर्ट घालून.”

‘चौघांची सामायिक निर्मिती,’ लेकीनं कळवलं. शंकासुरानं एकाच ओळीत विचारलं, ‘चौघेही छायाचित्रात आहेत. पाचवे कोण?’

त्या क्षणापासून लेकीनं ‘काढणे’ हे क्रियापद वर्ज्य केलं. “काका, बटण कोणी दाबलं?”

“असं सरळ विचार की! बटण त्यानं दाबलं. वरच्यानं. आवाजाची तक्रार घेऊन आला होता. मी कॅमेरा हातात दिला, म्हटलं, आधी हे दाबा, मग काय ते बोला. त्याचं तोंड असं झालं होतं, म्हणून तर आम्ही सगळे इतके हसतोय त्यात.”

वरचे काका म्हणजे आईच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणारे, नकाशाखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. गेली एकतीस वर्षं ते आणि आई जिन्यात भेटले की दोघंही कठड्याकडे बघत.

“मी त्या माणसाच्या दारात जाणार नाही,” आई म्हणाली.

“अडला हरी, वहिनी,” ढोल्याकाकांनी आठवण करून दिली.

“माहीत आहे पुढचं. पण लाथ बसली तर?”

बुधवारभर आई गेली नाही. गुरुवारी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘फोटोखाली लाल काय आहे गं? खोटा आहे का?’ आईनं पायांत चपला सरकवल्या; लेक आणि ढोल्याकाका मागोमाग निघाले.

वरच्या काकांनी दार उघडलं, तिघांकडे पाहिलं, लेकीचं म्हणणं ऐकून घेतलं आणि कागद मागितला. ज्ञानकोशाला फोटो वापरू देण्याचं परवानगीपत्र त्यांनी उभ्यानं, शब्दन्‌शब्द वाचलं.

“‘कोणासही, कोणत्याही कारणासाठी, बदल करून वापरता येईल.’ बदल म्हणजे आवाज कमी करता येईल?”

“फोटोला आवाज नसतो, काका,” लेक म्हणाली.

“म्हणून तर तेवढा एक आवडला होता मला.”

“पण तो तुम्हीच… म्हणजे बटण तुम्हीच दाबलंत, याला पुरावा?”

काका आत गेले आणि जाड फाइल घेऊन आले. पहिल्याच पानावर तोच फोटो होता. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘मी टिपला. सायंकाळी ६.१०. कॅमेरा त्यांचाच. तक्रार ऐकून घेतली नाही.’

“एक प्रत मला दिली होती यांनी, तोंड बंद ठेवायला,” काका म्हणाले. “तेव्हा लक्षात आलं, फोटो हा उत्तम पुरावा असतो. मग मी स्वतःचा कॅमेरा घेतला.”

फाइलमध्ये आणखी चाळीस फोटो निघाले. प्रत्येकाच्या मागे तारीख, वेळ, कुठल्या पायरीवरून घेतला आणि दार किती उघडं होतं हेसुद्धा. चाळीसही फोटोंत आईचं तोंड पूर्ण उघडं होतं.

“मेल्यानं एकसुद्धा बरा घेतला नाही,” आई पुटपुटली.

काकांनी एकेचाळीस वेळा सही केली. शुक्रवारी सकाळी शंकासुराचा निरोप आला. ‘इतका काटेकोर तपशील आजवर पाहिलेला नाही. चौकट हटवत आहे. ही नोंद ठेवणाऱ्या गृहस्थांना आमच्यात सामील व्हायला सांगाल का?’ लेकीनं भाबडेपणानं तो निरोप वर पोचवला.

संध्याकाळी आईनं संमेलनाची साडी काढून ठेवली आणि शेवटचं म्हणून लेख उघडला. फोटो जागेवर होता. पण ‘हा बँड परिसरात लोकप्रिय होता’ या वाक्यात ‘लोकप्रिय’च्या डोक्यावर कुणीतरी ‘संदर्भ हवा’ असं चिकटवलं होतं. करणाऱ्याचं नाव होतं ‘वरचा मजला’.

आई या वेळी चपला न घालताच जिना चढली. लेक मागून धावली.

“नव्हतो का आम्ही लोकप्रिय?”

“होतात. मी साक्षीदार आहे,” काका संगणकावरून मान न वळवता म्हणाले. “पण साक्षीदाराचं इथे चालत नाही. छापील लागतं. नियम वाचलेत का?”

“उद्यापर्यंत छापील कुठून आणू?”

“मी आणलंय ना. तेच जोडतोय. खूण आधी करावी लागते. बसा.”

त्यांनी वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं कात्रण पुढे केलं. वाचकांच्या पत्रव्यवहारात त्यांचंच पत्र छापलं होतं. आईनं ते मोठ्यानं वाचलं.

“‘संपादक महोदय, आमच्या इमारतीत रोज सायंकाळी गाणे चालते. ऐकणाऱ्यांची जिन्यात एवढी गर्दी जमते, की रहिवाशांना घर गाठणे अशक्य होते. गायिकेचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत स्पष्ट पोहोचतो. गेल्या मंगळवारी मला पाऊण तास जिन्यातच उभे राहावे लागले.’”

आई थांबली. “स्पष्ट,” ती लेकीला म्हणाली. “छापून आलंय.”

मग तिनं शेवटचं वाक्य पुन्हा मनातल्या मनात वाचलं.

“पाऊण तास उभं राहावं लागलं तुम्हाला? वाट मिळालीच नाही?”

काकांनी चष्मा पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

“वाट दहा मिनिटांत मिळाली होती,” ते म्हणाले. “पण ते लेखात घालू नका. छापील पुरावा नाही.”