निमिषची परीक्षा आणि बाबांची बाल्कनी

“यंदा निमिष पास! लिहून घ्या!” मुकुंदरावांनी सोसायटीच्या गेटवर छाती ठोकून सांगितलं, तेव्हा वॉचमन आबाजींनी खरंच खिशात पेन शोधलं.

निमिष हा मुकुंदरावांचा सत्तावीस वर्षांचा मुलगा. डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांना स्वतःचं सगळं स्वतः करायला शिकवणाऱ्या थेरगावच्या एका वर्गात तो जायचा. आज वर्गाच्या निवेदिताताई घरी येऊन त्याचे चहा-पोहे बघणार होत्या. पास झाला, तर सोमवारपासून तळवड्याच्या एका कॅन्टीनमध्ये नोकरी! याआधी तो दोनदा नापास झाला होता. दोन्ही वेळा शेरा एकच: ‘वडिलांनी मदत केली.’

यात मुकुंदरावांचा काही दोष नव्हता, असं मुकुंदरावांचं प्रामाणिक मत होतं. चाकणच्या कंपनीत, क्वालिटी खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. दुसऱ्याचं काम नुसतं बघत बसायचं म्हणजे पाठीला खाज आणि हात बांधलेले! घरातही त्यांनी कंपनीचीच शिस्त लावली होती. गडबड दिसली की ‘लाइन बंद’ म्हणून थांबायचं. जी वस्तू जागेवर नाही किंवा कामाची नाही, तिला लाल चिठ्ठी, म्हणजे रेड टॅग, बांधून बाल्कनीत ठेवायची. सात दिवसांत कोणी ‘लागते’ म्हणून सही केली तर आत, नाहीतर भंगारात. त्यांच्या पत्नी शैलाताईंची व्यायामाची सायकल अशीच गेली होती. ते शैलाताई विसरल्या नव्हत्या.

या वेळी हात आणि तोंड दोन्ही बंद, अशी शपथ शैलाताईंनी त्यांना घालून ठेवली होती. मुकुंदरावांनी ती पाळली. फक्त निमिष अंघोळीला गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघर ‘जरासं’ लावलं. फडताळातले सगळे डबे काढून, वापरायच्या क्रमाने, शाळेत प्रार्थनेला उभ्या मुलांसारखे ओट्यावर एका रांगेत!

निवेदिताताई आल्या. फॉर्म काढून बसल्या. निमिषने फडताळात हात घातला आणि रिकामाच बाहेर काढला.

“लाइन बंद!”

“काय झालं, निमिष?” निवेदिताताईंनी विचारलं.

“डबे हललेत. कोणी हलवले?”

मुकुंदराव फ्रिजच्या मागे लपले होते. त्यांचं पोट मात्र फ्रिजच्या पुढे होतं. त्यांनी भुवईने साखर दाखवली, कोपराने पोहे दाखवले. डांगे चौकातला हवालदारसुद्धा एवढे हातवारे करत नाही!

“बाबा, तुम्ही हलवले?”

“मी? म्हणजे... आपलं सोयीसाठी...”

“बाबा जागेवर नाहीत,” निमिषने जाहीर केलं. “आणि आत्ता कामाचे पण नाहीत.”

त्याने खणातून रेड टॅग काढला, बाबांच्या शर्टाच्या बटणाला नीट गाठ मारून बांधला, त्यांना हाताला धरून बाल्कनीत नेलं, जुन्या मिक्सरशेजारी उभं केलं आणि आतून कडी लावली.

“अरे, फोडणी! गॅस बारीक ठेव!”

उत्तर खालून आलं.

“काय सायेब, घरातनं काढलं व्हय?” आबाजी.

“परीक्षा चालू आहे!”

“मंग, पास का न्हाई?”

“अजून करतोय तो पोहे!”

“त्याचं न्हाई, तुमचं इचारतोय!”

अर्ध्या तासाने कडी निघाली. निमिषने आधी सगळे डबे जागेवर ठेवले होते, मग चहा-पोहे केले होते आणि गॅस बंद आहे ना, हे दोनदा तपासलं होतं. पास! निवेदिताताईंनी शेरा लिहिला: ‘अडचण स्वतः ओळखली आणि बाजूला केली.’

मुकुंदरावांनी तो तीनदा वाचला. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कशात चूक काढावीशी वाटली नाही. ताठ मानेने त्यांनी उंबऱ्यावर पाय ठेवला. निमिषने हात आडवा घातला.

“सही?”

त्याने टॅग सोडला आणि पेनासकट आईपुढे धरला.

“आई, बाबा लागतात?”

शैलाताईंनी टॅग उलटसुलट करून पाहिला. पोह्यांचा एक घास घेतला. मग सावकाश म्हणाल्या, “घाई काय आहे? सात दिवस आहेत ना!”