पाठवणीच्या गाण्यावर टांगलेल्या लाल पाटीची हकीकत

श्रीगणेशास आणि भट्टीच्या अग्नीस नमन करून, भिलाईनजीक कुरुद मुक्कामी जो प्रसंग गुदरला तो लिहिला जातो. पोलाद कारखान्याच्या बिजलीखात्याचे मातबर सरदार हेमराजजी, त्यांची कन्या मोना हिचे लग्न दुसरे दिवशी. आणि मोनाच्या मातोश्री रंभाबाईसाहेबांची मर्जी ऐसी की पाठवणीस आपलेच गाणे व्हावे. परंतु गावयास बसाव्या आणि दुसऱ्या कडव्यास डोळ्यांस पूर येऊन सूर बुडावा, ऐसे वारंवार जाहले. मग मसलत ठरली की गाणे आजच रेकॉर्ड करावे, म्हणजे उद्या रडावयास मोकळीक.

पुत्र प्रफुल्लराव यांनी लॅपटॉप मांडिला आणि कीबोर्ड जोडिला. हा कीबोर्ड जातीचा मुका. कळ दाबली की मिडी नामे जासूद तारेतून दौडत जातो आणि अमुक कळ अमुक जोराने दाबली इतकेच वर्तमान सॉफ्टवेअरास पोहोचवितो, मग तेथील हार्मोनियम वाजते. परंतु मागील गणपतीतल्या बँडबाजाचा ट्रॅक तसाच उघडा राहून त्याचाही कान त्याच जासुदाकडे होता. सबब बाईंस सा देण्यास प्रफुल्लरावांनी कळ दाबावी आणि हार्मोनियमसंगे ट्रम्पेटने भोंगा काढावा, ऐसा अनर्थ मांडला.

तो हेमराजजी खासा दाखल जाहले. कारखान्याचा कायदा असा की फॉल्ट दिसताच आधी लाइन बंद, मग काम. त्यांनी दोन्ही ट्रॅकांचे मॉनिटर बटण, म्हणजे जासुदास आत घेऊन सूर ऐकविणारा दरवाजा, बंद केले आणि लॅपटॉपास लाल पाटी टांगली: 'काम चालू. बटण लावू नये. हेमराज.' आणि काम आरंभावे तो नागपूरचे पाहुणे दुर्ग स्टेशनी उतरल्याची खबर आली. मग स्वारी पाटी तशीच ठेवून तिकडे कूच करती जाहली.

पाटी टांगील त्यानेच उतरावी, हा त्या घरचा कानून. पूर्वी मिक्सरास ऐसीच पाटी लागली ती दसऱ्यापासून होळीपर्यंत, आणि चटणी तोवर पाट्यावर. प्रफुल्लराव कळ दाबीत, पडद्यावर हिरवा दिवा लुकलुके. म्हणजे जासूद वेशीपर्यंत बिनचूक पोहोचे, परंतु दरवाजा बंद. बोट पुढे करून ते माघार घेत आणि म्हणत, "बाबानं शिकवलं हाये, पाटी दुसऱ्यानं काढली का माणूस मरते."

"अन् नाई काढली तर तुया बाप मरते! लाव फोन त्याले!" ऐसा बाईंचा हुकूम सुटला.

हेमराजजी पाहुण्यांसकट ऑटोतून परतले, आणि चहाही न घेता स्वहस्ते पाटी उतरविली, वर विचारते जाहले, "कावून भडकून राहिली? काम करनाऱ्याचा जीव मोठा का गानं?" प्रफुल्लरावांनी ट्रम्पेटच्या ट्रॅकास जासूद मना केला, हार्मोनियमचे तेवढे मॉनिटर उघडले, आणि बाई धन्याकडे डोळे वटारून गाऊ लागल्या. रागापुढे रडू फिरकले नाही. दुसरे कडवे गेले, तिसरे गेले, गाणे एका दमात तडीस गेले.

दुसरे दिवशी मांडवात गाणे लागले. मोनाने क्षणभर ऐकिले आणि ती हसू लागली. "आई, मले पाठवून राहिली का बाबाले दम देऊन राहिली?" मग हसता हसताच आईच्या गळ्यात पडली आणि दोघी पोटभर रडल्या.

येणेप्रमाणे गाणे फत्ते जाहले, श्रेय रंभाबाईसाहेबांचे. रडण्यात मात्र हेमराजजी दोघींस भारी पडले, आणि त्यांस आवरावयास नागपूरचे चौघे पाहुणे लागले, हेही दप्तरी नमूद असावे.